बगळ्यांचा चौथा डाव

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मारुतराव आप्पांनी भज्यांची बशी टेबलावर आदळली आणि टीव्हीतल्या अमेरिकेला उद्देशून विचारलं, "आरं, ताबा सोडला? आपखुशीनं?"

साखरबाईंच्या हॉटेलातली झाडून सगळी माणसं हबकून पडद्याकडे बघत होती. सोलापूरकडे निघालेला एक ट्रकवालाही चहा हातात धरून थांबला. वास्तविक आपण काय बघतोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

प्रकरण आता इतकं वाढलं आहे की वहीत नोंदवून ठेवलेलं बरं. पेपरात हे छापायला कोणी तयार नाही. मी स्वतः वार्ताहर, विचारून पाहिलं.

माझा भाचा सत्यजित, खुटबावच्या आमच्या सविताचा मुलगा, शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग बनवतो. कंत्राटी आहे. आमच्याकडे हल्ली हे रक्तगटासारखं सांगतात. कारखान्याचा मालक अमेरिकेत टोलेडो नावाच्या गावी असतो आणि तिथे त्याचा एक फुटबॉलचा व्यावसायिक संघ आहे, टोलेडो हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळा. कामगारांचं मनोबल वाढावं म्हणून कंपनीने सगळ्यांना सामने बघायचं ॲप फुकट दिलं. पगारापेक्षा मनोबल वाढवणं स्वस्त पडतं. तिकडची रात्र ती आपली सकाळ, आणि दुसऱ्या पाळीची माणसं सकाळी मोकळीच असतात. झालं. आमच्या वरवंड गावात बगळ्यांचा भक्तसंप्रदाय उभा राहिला.

हा आपला फुटबॉल नव्हे. यात चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. याला पायाचं नाव देणाऱ्या महापुरुषाला एकदा भेटायची इच्छा आहे. चार डावांत दहा वार पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार डाव मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याला. शंका आली की दोन माणसं साखळी घेऊन धावत येतात आणि मोजतात. ही साखळी पहिल्यांदा बघितली त्या दिवशी आप्पा उठून उभे राहिले होते. त्यांचा शेजाऱ्याशी बांधाचा दावा माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. "मोजणी! आन् अर्ज न करता येत्यात?" म्हणाले. तेव्हापासून ते एकही सामना चुकवत नाहीत.

आजचा धक्का चौथ्या डावाचा. तीन डावांत दहा वार झाले नाहीत, तर चौथ्याला धोका पत्करत नाहीत. एक माणूस बाकावरून उठून येतो, चेंडू लांबवर लाथाडतो आणि मुकाट्याने प्रतिपक्षाच्या स्वाधीन करतो. मी न्यायशास्त्राच्या धर्तीवर समजावलं, "आप्पा, द्यायचाच आहे, तर निदान आपल्या गोलापासून लांब नेऊन द्यायचा."

"म्हंजी माझं वावार गेलंच, तर मी सोता पाटी डोक्यावर घिऊन माती त्याच्या दारात टाकायची?"

न्यायशास्त्राने एक भजं उचललं.

पण त्या माणसाकडे खरं लक्ष गेलं शेखलालचं. शेखलाल माझा शाळेपासूनचा मित्र. सत्यजितच्याच कारखान्यात रुग्णवाहिका चालवतो, ठेकेदाराकडून, कित्येक वर्षं. मी पुण्याला जाऊन संस्कृतात एम. ए. केलं त्याची शिक्षा म्हणून गावाने मला शास्त्री केलं, आणि ते नाव ठेवणारा हाच.

"शास्त्री, त्यो गडी बघ. मघापासनं जाकीट घालून बसलाय. मधी उठला, एक लाथ मारली, पुना बसला. ह्याला पगार कशाचा?"

"बसायचा," साखरबाई आतून म्हणाल्या. "तुमच्यागतच."

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्यांदा शेखलाल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बगळे हरले. चौथ्या डावाला पुन्हा लाथ. आता हॉटेलात दोन पक्ष पडले आहेत. पूर्वपक्ष माझा एकट्याचा: लाथ मारणं शहाणपणाचं. उत्तरपक्षात बाकीचं वरवंड.

शेखलाल टेबलावर मिठाची डबी, चटणीची वाटी आणि माझा चष्मा मांडून बोलत होता. "चार डाव हायेत ना? मग तीनच का खेळायचे? चौथाबी खेळा. दहा वार कुनी एकदम मागतंय? दोन-तीन वार तर उरत्यात. आन् त्या लाथेवाल्याला काढून टाका, त्याच्या जागी धावनारा घ्या."

"चष्मा दे आधी," मी म्हणालो.

"चष्मा म्हंजी त्यांचा डिफेन्स हाय. थांब जरा."

सत्यजित मागून मला म्हणाला, "मामा, दिवाळीनंतर पर्मनंटचे इंटरव्ह्यू आहेत. माझं सगळं आहे, फक्त ग्रुप लेव्हलचा एक कायझेन पाहिजे. तो नसला तर नाव पुढं जात नाही."

कायझेन म्हणजे कामात सुधारणा सुचवणं. जपानी शब्द, अमेरिकन कंपनी, शिरूर तालुका. आपल्या देशात पूर्वी याला आगाऊपणा म्हणत. मशीनवरच्या सगळ्या सुधारणा पोरांनी आधीच सुचवून संपवल्या आहेत. आणि न्हावऱ्याच्या सोयऱ्यांनी सविताला स्पष्ट सांगितलं आहे: मुलगा पर्मनंट झाला की बैठक. मुलीचं नाव अपेक्षा.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज एक मौज केली.

सत्यजितने कंपनीतल्या भित्तिपत्रकाचा फोटो दाखवला: 'समूहातील कोणत्याही उद्योगासाठी सूचना करा.' खाली समूहाच्या उद्योगांची चिन्हं. ब्रेक, झडपा, गोदामं, आणि कोपऱ्यात एका पायावर उभा असलेला बगळा.

मी म्हणालो, "कोणत्याही म्हणजे कोणत्याही. मीमांसेचा नियम आहे, शब्दाचा सरळ अर्थ लागत असेल तर वाकडा लावू नये."

"मामा, हसतील मला."

"हसले तर हसले. इतकी वर्षं मी बातम्या देतोय, मला काय झालं?"

शेखलालला विचारलं, कारण कल्पना त्याची. तो उलट खूश. "टाक की! माझं नाव कशाला? मला काय आता पर्मनंट व्हायचंय का बोहल्यावर चढायचंय? पोराचं काम हुतंय ना. पर इंग्लिश जोरात पायजे, शास्त्री."

इंग्रजी सत्यजितने केलं, पण मूळ मराठी मसुदा माझा. फार दिवसांनी मनासारखं लिहिलं. 'जो मनुष्य संपूर्ण काळ केवळ संभाव्य अपयशाची वाट पाहत बसतो, त्याचे वेतन हे अपयशाचेच वेतन होय. सबब हे प्रतीक्षारत मनुष्यबळ कमी करावे.' शेखलालने मला हे दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाला, "वा! ह्यो गेलाच समज."

कायझेनला 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो लागतात. आधी: जाकीट घालून बाकावर बसलेला लाथेवाला. नंतर: मोकळं बाक. दोन्ही टीव्हीवरून काढले. दुसऱ्यासाठी तो उठून मैदानात जाईपर्यंत थांबावं लागलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं सविस्तर लिहिलं पाहिजे.

सकाळी सामना सुरू झाला. तिसरा डाव फसला. आप्पा सवयीने शिवी द्यायला तोंड उघडतात तो काय, लाथेवाला आलाच नाही. कॅमेरा बाकाकडे गेला. बाक रिकामं. समालोचक किंचाळत होता, पन्नास-साठ हजार माणसं उभी राहून हुर्यो करत होती. बगळे चौथा डाव खेळले, दोन वार पाहिजे होते, तीन मिळाले.

हॉटेलात कोणी ओरडलं नाही. हे मला नीट नोंदवायचं आहे. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, जणू कोणी तरी आपलं घर बाहेरून उघडलं. साखरबाई झारा घेऊन बाहेर आल्या. कढईतली भजी करपली तरी हलल्या नाहीत.

मग शेखलाल अगदी हळू म्हणाला, "शास्त्री. ऐकलं त्यांनी."

मी म्हणालो, योगायोग असेल.

पुढे बगळ्यांनी सगळे चौथे डाव खेळले आणि जिंकले. आप्पा धोतराने डोळे पुसत होते. "एवढी वर्सं वकील माझं ऐकंना आन् अमेरिकेनं ऐकलं."

"तुमचं कुठं ऐकलं आप्पा, चाचांचं ऐकलं," सत्यजित म्हणाला.

"टेबलावर कोन हुतं? मी हुतो ना?"

संध्याकाळी सत्यजितचा कारखान्यातून फोन. एचआरच्या राजनंदिनी मॅडमनी बोलावून हातात हात दिला. टोलेडोहून मेल आली आहे. मालकाला ते 'अपयशाचं वेतन' फार आवडलं म्हणे. स्वतः मालकाने संघाच्या प्रशिक्षकाला वाचून दाखवलं.

माझं वाक्य. टोलेडोत. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आमटी आवडली का ते सांगा."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. शेखलालच्या घरून शेवया आल्या, आमच्याकडून त्यांच्याकडे चकल्या गेल्या. रशिदाभाभी म्हणाल्या, "भाऊजी, यांचं डोकं फिरलंय. झोपेतबी चौथा डाव म्हनत्यात."

२७ ऑक्टोबर, सोमवार

बगळे पुन्हा जिंकले. साखरबाईंचं हॉटेल म्हणजे आता महामंडळ झालं आहे. दर सामन्यानंतर शेखलाल पुढच्या सामन्याचे बदल सांगतो: उंच गडी डाव्या बाजूला घ्या, म्हातारा फेकणारा बदला, अमुक खेळाडू दमलाय त्याला बसवा. बसवा म्हटलं की आप्पा म्हणतात, "बसवू नका, काढा. बसवला तर त्याचा पगार कशाचा?" आणि टाळ्या पडतात. माझं वाक्य आता सगळ्यांच्या तोंडी आहे. संस्कृत वाङ्मयाचा एवढा प्रसार माझ्या प्राध्यापकांच्याही हातून झाला नसेल.

आज माझी बातमी लागली: 'वरवंडच्या टेबलावर ठरतात अमेरिकेचे डाव.' जिल्हा पानावर, तीन कॉलम, सत्यजितचा फोटो. शेखलालचं नाव मी घातलं नाही, त्यानेच घालू दिलं नाही. "मुलाखत व्हायची हाय त्याची. दोन नावं दिसली की अर्धं अर्धं मोजत्यात." फोटोत तो कडेला दिसतो, अर्धा.

सत्यजितच्या कायझेनला कंपनीत 'हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट' मिळालं आहे. म्हणजे एका जागी लागू पडलेली सुधारणा समूहातल्या सगळ्या कारखान्यांत आडवी पसरवायची. हा मोठा मान असतो. त्यामुळे पर्मनंट जवळजवळ नक्की. मी सविताला फोन करून सांगितलं, आडवं पसरणं हे आपल्या हरळीलाच जमतं, पण तुझ्या मुलाने करून दाखवलं. ती रडायला लागली. आनंदाने.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेखलालने आज आम्हाला हसवून हसवून मुरकुंडी वळवली. कारखान्यात दोन पोरं टॅब घेऊन हिंडतायत, फोटो काढतायत. याचाही काढला. "मी म्हनलं, थांबा, केस विंचरतो. तर म्हनले, नको नको, जसे बसलात तसेच बसा. मग पाय वर घिऊन बसलो, पेपर वाचत. तुझाच पेपर, शास्त्री!"

"कशासाठी काढला?"

"कॅलेंडर आसंल नव्या वर्साचं. डिसेंबरवर टाकत्याल मला."

"जानेवारी माग," आप्पा म्हणाले. "डिसेंबर कोन बघतंय."

साखरबाई म्हणाल्या, "माझा काढा म्हनावं, मी तर दिवसभर उभी असते." त्यावर शेखलालने त्यांना सांगितलं की उभ्या माणसाचा फोटो काढत नव्हते. असेल काही तरी.

आज सामना हरलो. चौथा डाव दोनदा फसला. उत्तरपक्ष म्हणतो, अंमलबजावणी चुकली, तत्त्व बरोबर आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिण्यापूर्वी दोनदा पेन खाली ठेवलं.

सत्यजित सुट्टीवर नव्हता, तरी दुपारी माझ्या दारात उभा. कंपनीच्या बसमधून अर्ध्या रस्त्यात उतरून परत आला होता. मोबाइल पुढे केला.

कारखान्याच्या नोटीस बोर्डाचा फोटो, बसमध्ये असतानाच कोणी तरी पाठवलेला. वर कायझेनचा क्रमांक आणि नाव, सत्यजितचं. खाली 'हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट, रांजणगाव प्लँट'. खाली दोन फोटो.

आधी: रुग्णवाहिकेशेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेला शेखलाल. हातात पेपर. केस विंचरलेले नाहीत.

नंतर: तीच खुर्ची. रिकामी.

त्याखाली माझं वाक्य. इंग्रजीत, पण मला ओळखू आलं. माझ्या घरातलं मूल परक्याच्या अंगणात दिसावं तसं.

मी पहिल्यांदा काय म्हणालो ते लिहून ठेवतो, कारण पुढे मला ते आठवावंसं वाटणार नाही. मी म्हणालो, "अरे, पण आपण तर फुटबॉलविषयी लिहिलं होतं."

सत्यजित म्हणाला, "मामा, कोणत्याही म्हणजे कोणत्याही."

शेखलालचं काम महिनाअखेरपर्यंत. ठेकेदार म्हणतो, दुसरीकडे जागा निघाली तर कळवतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेखलालच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो, एकही टिकलं नाही. तो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"ये शास्त्री. माझं कॅलेंडर बघितलं का?"

तो हसला आणि हसता हसता खाली बसला. हातातले दाणे सगळे एकाच जागी सांडले. कोंबड्या भांडायला लागल्या.

"खरं सांगू?" म्हणाला. "फोटो बघितला तवा मला वाटलं, कुनीतरी दुसराच हाय. म्हनलं, कोन ह्यो आळशी मानूस?"

रशिदाभाभी दारात उभ्या होत्या. माझ्याशी त्या कधी चढ्या आवाजात बोललेल्या नाहीत. आजही बोलल्या नाहीत. "भाऊजी, गाडी बसूनच ऱ्हायला पायजे ना? ती पळायला लागली म्हंजी कुनाचं तरी वाईट झालेलं आसतंय. तुमी एवढं शिकल्यालं, तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

"रशिदा, त्येनं न्हाई, मी सुचवलं," शेखलाल म्हणाला.

"तुमाला अक्कल न्हाई ते मला म्हाईत हाय. मी यांना विचारतीय."

चहा घेतला. चहा का घेतला कुणास ठाऊक.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सत्यजित म्हणतो, मी जाऊन सांगतो, ती आयडिया माझी नाही. सविता म्हणते, मुलाखतीचा निकाल शनिवारच्या कार्यक्रमात जाहीर व्हायचा आहे, तोवर तोंड उघडलंस तर मी विहीर जवळ करीन. खुटबावला विहिरी आता कोरड्या आहेत हे तिला सांगण्याची ही वेळ नव्हती.

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. आयुष्यभर दोन्ही बाजू मांडत आलो. तिसऱ्याने निकाल द्यावा, आपण बातमी द्यावी.

बगळ्यांचा सामना होता. हॉटेलात गेलो. चार माणसं. टीव्ही बंद. "लावू का?" साखरबाईंनी विचारलं. जो तो आपला चहा ढवळत राहिला. त्यांनी लावला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

क्रमाने लिहितो.

कारखान्यात मांडव. टोलेडोहून एक उपाध्यक्ष आलेला, गोरा, उंच, भला दिसणारा. वार्ताहर म्हणून मी पुढच्या रांगेत. शेखलाल मागे, उभा. त्याचा शेवटचा दिवस.

राजनंदिनी मॅडमनी सत्यजितचं नाव पुकारलं. पर्मनंटचं पत्र उपाध्यक्षाच्या हातात. सविता पहिल्या रांगेत, नवं पातळ नेसून. सत्यजितने पत्र घेतलं नाही. माइक घेतला.

"ही आयडिया माझी नाही. शेखलाल चाचांची आहे. मी फक्त माझं नाव टाकलं. पर्मनंट व्हायचं होतं म्हणून."

सविताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून वळ आहे. मला वाटलं, संपलं. पोराने स्वतःच्या हाताने ताबा सोडला.

मॅडम उपाध्यक्षाच्या कानाला लागल्या. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा फुलत गेला. मग तो टाळ्या वाजवायला लागला. तो वाजवतो म्हणून बाकीचे. मॅडम माइकवर म्हणाल्या, "प्रामाणिकपणा हे आपल्या कंपनीचं पहिलं मूल्य आहे! सत्यजितचं पत्र कायम आहे. आणि आता मी विनंती करते, या कल्पनेचे खरे जनक श्री. शेखलाल यांनी स्टेजवर यावं."

आणि त्याचा सत्कार केला.

शाल, श्रीफळ, गुच्छ. वर बगळ्यांची जर्सी, ती शालीवरूनच घातली. फोटो. त्याला काढायचं रद्द झालं असं कोणी म्हणालं नाही. ते कोणाच्या मनातही आलं नाही, हे मी समोरून बघत होतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याचा पेपर वाचतानाचा फोटो काढणारी दोन्ही पोरं होती, आणि ती मनापासून वाजवत होती. मीही वाजवल्या. हात आपोआप वर गेले.

"दोन शब्द बोला ना, चाचा," मॅडम म्हणाल्या.

शेखलालने नारळ एका काखेत धरला आणि माइक दुसऱ्या हातात. "दोन नको, एकच विचारायचंय सायबास्नी. त्यो लाथ मारायचा ना, बाकावर बसून आसायचा. त्याचं नाव काय?"

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. उपाध्यक्ष हसला. आठवायला लागला. मागच्या माणसाकडे वळला. त्याने मोबाइल काढला. मंडळी थांबली. उपाध्यक्षाने मग काही तरी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सर म्हणतात, तो फार चांगला माणूस होता."

"व्हय," शेखलाल म्हणाला. "पर नाव?"

बँडवाल्याला वाटलं भाषण संपलं. त्याने सुरू केलं.

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून चाळली. लाथेवाला, लाथेवाला, लाथेवाला. बाकीच्या अकरा जणांची नावं, उंची, गावं, सगळं आम्हाला पाठ होतं.

१ डिसेंबर, सोमवार

सत्काराची बातमी लागली. मीच पाठवली होती. फोटो मोठा आहे. पाहुण्यांची नावं, स्वागत, प्रास्ताविक, आभार. शेखलालला दौंडपासून शिरूरपर्यंतच्या पाहुण्यांचे अभिनंदनाचे फोन येतायत. तो सगळे घेतो, "मेहरबानी" म्हणतो आणि ठेवतो.

रशिदाभाभींनी मला फोन केला. "भाऊजी, यांना काढलं, ते न्हाई लिहिलं."

"भाभी, सत्काराच्या बातमीत तसं लिहीत नाहीत."

"मग कंच्या बातमीत लिहित्यात?"

अशी बातमी कोणत्या पानावर जाते ते मला खरोखर माहीत नाही. संपादकांना विचारलं. तेही म्हणाले, कल्पना नाही.

संध्याकाळी सत्यजितने पर्मनंटचं पत्र नीट वाचायला आणून दिलं. शेवटच्या कलमात लिहिलं आहे: हलक्या वाहनाचा परवाना असल्याने, नियमित काम सांभाळून, आपत्कालीन वाहनाची किल्ली व जबाबदारी आपणाकडे राहील.

मी वाचून दाखवलं. सत्यजितने ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली.

३ डिसेंबर, बुधवार

शेखलालनेच निरोप धाडला: पोराला गाडी दाखवायची आहे, शास्त्री तूही ये.

गेटवर रखवालदाराने त्याला नमस्कार केला आणि कागदावर सही घेऊन 'व्हिजिटर' लिहिलेला पास त्याच्या गळ्यात अडकवला. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

गाडीशेजारची खुर्ची हलवली होती. शेखलालने सत्यजितला सगळं सांगितलं. दुसरा गिअर जरा अडतो, क्लच पुरता दाबायचा. मागचं दार जोरात लावायचं, नाही तर वळणावर उघडतं. "भोंगा आत वाजवायचा न्हाई. गेटच्या भायेर जाऊन वाजवायचा. आत वाजला की मान्सं मशीन सोडून पळत सुटत्यात, आन् मग आनखी एक पेशंट." सत्यजित मान हलवत होता. त्याचा चेहरा मला बघवेना.

"बस आता पुढं."

"चाचा, तुम्ही शेजारी बसा ना."

"शेजारी कशाला? मी मागं पडतो. रिकामी गाडी कुनीबी चालवतंय. पेशंट आसला की कळतं."

त्याने चपला काढल्या, त्या नीट बाजूला ठेवल्या आणि स्ट्रेचरवर आडवा झाला. मी कडेच्या बाकड्यावर बसलो. सत्यजितने गाडी काढली. कारखान्याच्या आतल्या रस्त्याने, शेडच्या भोवती.

पहिल्याच गतिरोधकावर स्ट्रेचर उडालं. "मेलो!" शेखलाल ओरडला. सत्यजितने करकचून ब्रेक मारला, त्याने आणखी आदळलं. "आरं, ब्रेकच्या कंपनीत कामाला हायस ना? मग जरा जपून मार की!"

दुसरा गतिरोधक बरा गेला. तिसरा कळलाही नाही. पडल्या पडल्या, बाहेर न बघता शेखलाल सांगत होता, "आता डावीकडं घे, खड्डा हाय... आता सरळ... हितं उतार." गाडी तशी तशी जात होती. मग त्याचं बोलणं थांबलं. मी दचकून बघितलं. तो छताकडे टक लावून होता.

"शास्त्री, वर बघ. पत्र्याला केवढा गंज चढलाय. एवढी वर्सं पुढं बसलो, मागच्याला काय दिसतं ते कदी बघितलंच न्हाई."

मी वर बघितलं. खरंच चढला होता.

"रंगवायला सांग त्याला," तो म्हणाला. "पांढरा नको. पांढऱ्यानं मानूस घाबरतं."

स्ट्रेचरच्या पट्ट्यावर त्याची मूठ आवळलेली होती. गळ्यातला पास घसरून कानाशी आला होता, तो मी सरळ केला. शेडला वळसा पूर्ण झाला. सत्यजितने गाडी हळू केली आणि मागे न बघताच विचारलं, "चाचा, कुठं सोडू?"

"गेटला," शेखलाल म्हणाला. "पास जमा करायचाय."